‘येतो की’ म्हणणारा गुंडाबा

म्हसवडच्या पंचक्रोशीत गुंडाबासारखा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका खोटं बोलणाराही सापडायचा नाही. ह्या दोन गोष्टी एका अंगात कशा नांदायच्या हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. गुंडाबाला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं, एवढंच काय ते. त्याने जन्मात कुणाला फसवायचं मनात आणलं नाही आणि जन्मभर सगळ्यांना फसवलं.

धंदा मेंढरांचा. बापजाद्यांपासून चालत आलेला. दिवाळी सरली की गुंडाबा आणि त्याची बायको लीलाबाई घोडीवर बिऱ्हाड लादायची आणि मेंढरं हाकत कडेगावच्या बाजूला, उसाच्या मुलखात उतरायची. पावसाळ्याच्या तोंडाशी परत. मधले महिने रोज एका शेतकऱ्याच्या रानात मुक्काम. संध्याकाळी रानात जाळी लावायची, मेंढरं आत बसवायची, सकाळपर्यंत लेंड्या-मुताचं असं खत पडतं की त्या रानात पुढे आलं लावा, हळद लावा, डोळे झाकून येते. ज्याचं रान त्याने रात्रीचे पैसे द्यायचे, वर मेंढक्यांना जेवण घालायचं, अशी जुनी रीत. रासायनिक खताच्या पोत्याने जमिनी कडक झाल्यापासून तर मेंढरांना भलताच भाव आला होता. गुंडाबा गाडीवाटेने निघाला की बांधाबांधावरून हाका यायच्या.

“गुंडाबा, मंगळवारी आमच्याकडं.”

“येतो की.”

पुढच्या बांधावर दुसरा उभा. त्यालाही मंगळवारच हवा असायचा. त्यालाही “येतो की.” असं करत करत एकाच पोरीचं चार घरी कुंकू लावून बसलेल्या बापासारखी त्याची गत व्हायची. मंगळवारी संध्याकाळी जो पहिला गाठेल त्याच्या रानात मेंढरं जायची. बाकीचे बॅटऱ्या घेऊन रात्रभर वाट बघायचे. पुढचे चार-आठ दिवस गुंडाबा सरळ रस्ता सोडून ओढ्याच्या अंगाने चालायचा. आणि ह्या सगळ्या गोंधळात मधूनच एखादी रात्र अशी यायची की कुणाचंच बोलावणं नाही, आणि मेंढरं माळावर फुकट बसायची.

“समोरचा मानूस तोंड वर करून मागतोय, त्याला न्हाई कसं म्हनायचं?” असं गुंडाबा विचारायचा. लीलाबाईचं म्हणणं वेगळं होतं. देवाने आपल्या नवऱ्याला मान दिली ती फक्त हलवायला, आणि तीही उभीच हलते, आडवी हलतच नाही, असं ती येईल त्याला सांगायची.

गेल्या वर्षी मात्र हे अंगाशी आलं. कडेगावच्या अलीकडे एक वाडी आहे, तिथले नानासो सुभेदार. फौजेतून सुभेदार होऊन आले, ऊस केला, आल्याची शेती केली, पण सवयी फौजेतल्याच राहिल्या. चहासुद्धा ते हुकूम सोडल्यासारखा मागत. त्यांच्या विहिरीला भर उन्हाळ्यातही पाणी असे, आणि मळ्यातल्या सिमेंटच्या हौदावर गुंडाबाची मेंढरं चैत्र-वैशाखात पाणी पीत. सुभेदारांनी त्याबद्दल कधी छदाम मागितला नाही. मागितली ती एक रात्र, आलं लावायच्या आधीची. गुंडाबाने अर्थातच “येतो की” म्हटलं, आणि त्या रात्री मेंढरं बसली बांधापलीकडच्या दादासोंच्या रानात, कारण दादासोंनी त्याला वाटेतच गाठलं होतं. सुभेदारांचं आणि दादासोंचं बांधावरून पाच वर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे तर आगीत तेलच.

सकाळी सुभेदार हौदापाशी आले. ओरडले नाहीत. पुढच्या वर्षी असं झालं तर ह्या हौदाला मेंढरांनी तोंड लावायचं नाही, एवढं सांगून निघून गेले. गुंडाबा मेंढरं मोजत राहिला. परमुलखात भर वैशाखात एवढ्या मेंढरांना पाणी कुठलं आणायचं? दुसऱ्या विहिरी होत्या, पण त्यांच्या मालकांना पैसे मोजूनही परका मेंढका नको असायचा. हौद बंद झाला की मेंढरं विकायची आणि म्हसवडच्या स्टँडवर हमाली शोधायची, एवढंच उरत होतं.

ही सगळी कहाणी लीलाबाईने घरी आल्यावर लेकीला सांगितली. लेक पल्लवी म्हसवडला दाखले काढून देण्याचं केंद्र चालवायची. दिवसभर लोकांच्या चुका दुरुस्त करून करून तिचा स्वभाव बापाच्या बरोबर उलटा झाला होता. ‘नाही’ हा शब्द ती दिवसातून शंभरदा वापरी, आणि तोही मान वर न करता. तिने बापाला समोर बसवलं, फोनवर एक तक्ता उघडला. एका बाजूला तारखा, समोर एकेक रिकामा चौकोन. एका रात्रीला एकच नाव. ज्याला रात्र हवी त्याने मला फोन करायचा, मी नाव टाकणार, आणि हा तक्ता सगळ्या शेतकऱ्यांना त्यांच्या त्यांच्या फोनवर बसल्या जागी दिसणार, असं तिने समजावलं.

“आन फोन हरवला म्हंजे?” गुंडाबाने विचारलं.

तक्ता फोनात नसतोच, असं पल्लवी म्हणाली. तो लांब कुठंतरी मोठ्या मोठ्या कंप्युटरांवर ठेवलेला असतो, त्याला क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग. गुंडाबाचा चेहरा पडला. माणदेशातला माणूस सगळ्यांवर विश्वास ठेवील, ढगावर ठेवणार नाही. त्याच्या हयातीत जेवढे ढग आले त्यातले बहुतेक तोंड दाखवून साताऱ्याकडे निघून गेले होते. पण लेकीला नाही म्हणणं हेही ‘नाही’ म्हणणंच, तेव्हा त्याने मान हलवली.

आणि मग नवलच झालं. दिवाळीनंतर उसाच्या मुलखात उतरला, पहिल्याच बांधावर हाक आली, मंगळवारी आमच्याकडं. गुंडाबाच्या तोंडून सवयीने ‘येतो’ निघालं आणि ‘की’ निघायच्या आत त्याला फोनची आठवण झाली. त्याने तक्ता उघडून दाखवला. मंगळवारी दुसऱ्याचं नाव होतं. “माझ्या हातात काय न्हाई गड्या. वर लिव्हलंय,” असं म्हणून त्याने आभाळाकडे बोट केलं. शेतकऱ्याने तक्ता पाहिला, मान हलवली आणि मुकाट्याने गुरुवार घेतला.

गुंडाबाला हे खरंच वाटेना. त्याला ठाऊक नव्हतं की ह्या मुलखातल्या माणसाला अशा नकाराची जुनीच सवय आहे. कारखान्याची ऊसतोडीची तारीख, सोसायटीचं कर्ज, विजेचं कनेक्शन, सगळीकडे ‘कंप्युटरमध्ये नाव नाही’ हेच ऐकत तो म्हातारा होतो. माणसाने नाही म्हटलं तर तो डोकं फोडील, यंत्राने म्हटलं तर घरी जातो. अर्थात घरी जाऊन तो गप्प बसत नाही, वशिला शोधतो. एक जण सिद्धनाथाच्या दर्शनाचं निमित्त करून थेट म्हसवडला गेला आणि पल्लवीच्या टेबलावर तुपाचा डबा ठेवून आला. पल्लवीने तूप ठेवून घेतलं आणि नंबर होता तिथेच ठेवला. तेव्हापासून तिच्याविषयी सगळ्या वाड्यांत मोठा आदर निर्माण झाला.

हिवाळाभर गुंडाबाने असं सुख भोगलं की बस. एक रात्र फुकट जात नव्हती. त्याचा चुलतभाऊ सिद्धू आपली मेंढरं घेऊन आला, त्याचीही नावं त्याच तक्त्यात लागली, आणि दोघांची मेंढरं एकाच वाडीवर आदळणं थांबलं. एकदा वाकून हौदातलं पाणी पिताना गुंडाबाचा फोन आत पडला आणि गेला तो गेलाच. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी नवा फोन घेतला, पल्लवीने म्हसवडमधूनच काहीतरी सांगितलं, दोन बटणं दाबायला लावली, आणि सगळा तक्ता जसाच्या तसा परत हजर. ढगाने शब्द पाळल्याचं त्याने पहिल्यांदाच बघितलं.

एका गोष्टीने तेवढा त्रास झाला. मेंढरं कुठवर आली हे शेतकऱ्यांना कळावं म्हणून पल्लवीने गुंडाबाचा फोन नकाशावर दिसेल अशी सोय केली होती. एक दिवस तो औषध आणायला कराडला गेला आणि तिथेच मिसळ खायला बसला. दुपारभर सगळ्या वाड्यांना मेंढरं कराडच्या एका हॉटेलात दिसत होती. त्याहून वाईट म्हणजे ती लीलाबाईलाही दिसत होती. औषधाच्या दुकानापुढे लय गर्दी होती असं सांगत तो परतला, तेव्हा तिने फक्त मिसळ तिखट होती का, एवढंच विचारलं.

ह्या तक्त्याने सगळ्यात मोठं काम केलं ते तानुबाईच्या बाबतीत. तानुबाई म्हणजे सुभेदारांच्या मळ्याच्या खाली अर्धा एकर रान कसणारी बाई. वांगी-मिरची पिकवायची आणि कडेगावच्या बाजारात स्वतः बसून विकायची. दर वर्षी तीही गुंडाबाला रात्र मागे, दर वर्षी तो “येतो की” म्हणे, आणि दर वर्षी ती पुरण शिजवून वाट बघे. अर्ध्या एकराच्या बाईला शब्द दिला आणि मोडला तर कोण काय वाकडं करणार, असं गुंडाबा मनात आणत नव्हता, पण मेंढरं मात्र बरोबर तिचंच रान चुकवत. शेवटी तिने मागणं सोडून दिलं. औंदा तिने फोनवर तक्ता पाहिला, एक शुक्रवार मोकळा दिसला, आणि सरळ पल्लवीला फोन लावला. पल्लवीने रान किती विचारलं नाही. चौकोन मोकळा होता, नाव टाकलं. सुभेदारांचं नाव त्याच्या पुढच्या सोमवारी होतं. हौदाचा प्रश्न मिटला म्हणून लीलाबाईने सिद्धनाथाला नारळ फोडला.

इथवर सगळं ठीक होतं. पण चैत्राच्या शेवटी पल्लवीकडे दाखल्यांची झुंबड उडाली आणि रोजचे फोन घेणं तिला जमेना. चार दिवस तुम्हीच नावं टाका, असं तिने बापाला सांगितलं आणि तक्त्यात लिहायची मुभा त्याच्या फोनला दिली. वर एक बजावलं, की बघायला सगळ्यांना द्या, लिहायला कुणालाच देऊ नका. म्हणजे बोक्याला लोण्यावर बसवून खाऊ नको असंच ते सांगणं होतं. लोणी खायची बोक्याची इच्छा नव्हती, इतकंच.

पहिले दादासो आले. मला पण त्यात लिहिता येईल असं कर, उगीच तुला त्रास कशाला, असं म्हणाले. गुंडाबाने मान हलवली, उभी. बटण कुठलं दाबायचं ते दादासोंनीच दाखवलं. मग दादासोंना दिलं तर मला का नाही, म्हणून शेजारच्या रानातला अर्जुना आला. एकाला मान दिल्यावर दुसऱ्याचा अपमान कसा करायचा? आठवडा संपायच्या आत अर्ध्या गावाच्या हातात तक्ता होता.

आणि गावाच्या हातात आल्यावर व्हायचं ते झालं. तक्त्याची चावडी झाली. एकाने मधल्या चौकोनात ‘खिलार बैल विकणे आहे’ असं टाकलं. सोसायटीच्या निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याने हात जोडलेला फोटो लावला. कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस तीन तारखा व्यापून बसला. नावं रोज इकडून तिकडे फिरू लागली. गुंडाबा दुपारी सावलीत बसून ती परत जागेवर आणून ठेवायचा. पल्लवीला सांगायची त्याची छाती नव्हती.

शुक्रवार उजाडला. सकाळी वाटेत तानुबाई भेटली. तिने रान नांगरून ढेकळं फोडून ठेवली होती, डाळ भिजत घातली होती.

“आज खरंच येताय न्हवं?” तिने विचारलं. हे विचारताना ती गुंडाबाकडे नाही, मेंढरांकडे बघत होती.

तुझं नाव वर लिव्हलंय, आता कुणाच्या बापाला बदलता यायचं नाही, असं गुंडाबा छातीवर हात ठेवून म्हणाला. तानुबाई हसली. इतक्या वर्षांत तिला आपल्याकडे बघून हसताना त्याने पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला दिवसभर आठवत राहिलं.

संध्याकाळी मेंढरं हौदावर आली. सगळ्यांच्या माना पाण्यात गेल्या होत्या आणि सुभेदार पाठीमागे हात बांधून उभे होते. ट्रॅक्टरवाला शनिवारीच येतोय, सोमवारी उपयोग नाही, तेव्हा मेंढरं आजच मळ्यात बसतील, असं त्यांनी सांगितलं. गुंडाबाने सवयीने फोन काढला, वर लिव्हलंय म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं. शुक्रवारच्या चौकोनात ठळक अक्षरांत ‘सुभेदार नानासो’ असं लिहिलेलं होतं. दुपारपर्यंत तिथे तानुबाई होती.

“आमच्या विश्वजितनं नंबर लावला,” सुभेदार म्हणाले. विश्वजित त्यांचा नातू, पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत कामाला. त्याने पुण्यात खुर्चीत बसून कडेगावच्या रानातली मेंढरं हलवली होती.

पहिल्यांदा गुंडाबाला हायसं वाटलं. काही बोलावंच लागणार नव्हतं. पाणी राहत होतं, सुभेदार खूष होत होते, आणि तानुबाईला सांगायला तक्ता होता. माझ्या हातात काय न्हाई बाई, वर लिव्हलंय. ती भांडणारी नव्हती. शिजलेलं पुरण झाकून ठेवील आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागणार नाही. एवढं सोपं होतं. पण मान हलवायला गेला तर मान हलेना. सकाळचं ते हसणं आडवं आलं. आपण तिला ढगाच्या भरवशावर शब्द दिला नव्हता, आपल्या तोंडाने दिला होता, हे त्याला कळलं आणि लाज वाटली.

त्याच्या घशातून काहीतरी निघालं. लीलाबाईला वाटलं ठसका लागला, ती तांब्या घेऊन धावली.

“काय म्हणलास?” सुभेदारांनी विचारलं.

“न्हाई म्हनलो, नाना. आज तानुबाईच्या रानात. तुमचा नंबर सोमवारी हाय.”

“फोनात माझं नाव हाय की.”

“फोनात आता कुनी बी लिवतंय. म्याच समद्यास्नी हात घालायला दिला, चूक माझी. पर तिला शब्द दिलाय, त्यो बी माझाच.”

सुभेदारांनी हौदाकडे बघितलं. “आन पाण्याचं?”

गुंडाबानेही बघितलं. मेंढरं पाणी पीतच होती. “बंद करनार म्हनला तर करा. आजच्या दिस पिऊ द्या त्यास्नी. पर मी तिकडंच जानार.”

मग सुभेदार म्हणाले, “पुन्हा म्हण.”

“काय?”

“न्हाई म्हण.”

गुंडाबाने म्हटलं. ह्या खेपेला जरा बारीक आवाजात. सुभेदारांनी लीलाबाईला विचारलं, ऐकलं का? ऐकलं, पण कानावर विश्वास बसत नाही, असं ती म्हणाली.

“इतकी वर्सं तुझ्या ‘येतो की’ला मी कवडीची किंमत दिली न्हाई गड्या,” सुभेदार म्हणाले. “ज्याला न्हाई म्हणता येत न्हाई त्याच्या व्हय म्हणण्याचं काय करायचं? आज तू मला न्हाई म्हणलास. म्हणजे सोमवारी तू येणार. ट्रॅक्टरवाल्याला मी थांबवतो.”

त्यांनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला आणि विश्वजितला नाव काढायचा हुकूम सोडला. विश्वजित काही समजावायला लागला तेव्हा, ऑर्डर इज ऑर्डर, असं म्हणून फोन ठेवला. मग जाता जाता हौदाचा नळ आणखी थोडा सोडून गेले. गुंडाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पटक्याच्या शेवाने पुसलं आणि धूळ लय उडतीया म्हणाला.

लीलाबाईने वाटेतूनच फोन करून लेकीला सगळं सांगितलं. पल्लवी बापाला जे बोलायचं ते बोलली, आणि मग सगळ्यांचं लिहिणं बंद करून टाकलं. बैल, वाढदिवस आणि हात जोडलेला उमेदवार एका झटक्यात गेले, आणि ढगाने जपून ठेवलेला आठवड्यापूर्वीचा तक्ता जसा होता तसा परत आला.

मेंढरं तानुबाईच्या रानात शिरली तर रान पुरेना. जाळीच्या आत नुसती लोकर दिसत होती. काही मेंढरं बांध ओलांडून पलीकडे दादासोंच्या रानात गेली. दादासो बांधावरच बसले होते. आली आहेत तर राहू दे रात्रभर, असं ते लाडीगोडीने म्हणाले. गुंडाबा न्हाई म्हणाला, आणि मेंढरं हाकून अलीकडे घेतली. एकदा जमल्यावर दुसऱ्यांदा काहीच अवघड नव्हतं. त्याला त्याची चवच लागली. बांधावर अर्जुनाने तंबाखू मागितली, त्यालाही न्हाई. लीलाबाईने घोडी बांधता का विचारलं, तिलाही न्हाई म्हणून पाहिलं, पण ते काही चाललं नाही.

मग जेवणं झाली. तानुबाईने पाटावर बसवून वाढलं. कित्येक वर्षं गुंडाबासाठी शिजलेल्या आणि त्याने कधीच न खाल्लेल्या त्या पुरणपोळ्या. अशा मऊ, की घास तोंडात विरघळत होता, वर तुपाची धार. पानातली पोळी संपत आली, त्याची नजर टोपलीकडे गेली, तेवढ्यात तानुबाई पुढे आली.

“आनखी एक वाढू?” तिने विचारलं.

“न्हाई,” गुंडाबाच्या तोंडून निघून गेलं.

तो पुढे काही बोलणार, तेवढ्यात तानुबाईने समाधानाने मान डोलावली. आता गुंडाबाच्या शब्दाला किंमत होती. तिने टोपलीवर फडकं टाकलं, टोपली उचलली आणि आत नेऊन ठेवली.